अण्णांची अक्कलदाढ

खोली बघायला मी आणि माझे वडील गेलो, तेव्हा घरमालक अण्णांनी वडलांना "पावणं, बसा की" म्हणून खुर्ची दिली आणि मला विचारलं, "झोपेत दात खातीस काय?"

आम्ही सकाळच्या एसटीनं कबनूरहून आलो होतो. मला शाहूपुरीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरी लागली होती, म्हणून जवळपास खोली हवी होती. त्या दिवशी आधी बघितलेल्या घरांमध्ये पाण्याचं, लाइटबिलाचं सगळं बोलणं व्हायचं, मग विषय आडनावावर यायचा आणि घरमालकांना एकदम आठवायचं की खोली पुतण्यासाठी राखून ठेवलीय. वडलांचा जन्म कबनूरच्या यंत्रमागांवर गेलेला. त्यांना यात नवीन काही नव्हतं. इथंही ते आडनावाचा प्रश्न कधी येतो याची वाट बघत खुर्चीच्या कडेवर बसले होते. अण्णांनी तो विचारलाच नाही. दात खात नाही असं मी सांगितल्यावर ते म्हणाले की मधली भिंत फळीची आहे, आधीचा भाडेकरू रात्रभर करकर दात खायचा, त्यामुळं आपली झोप गेली होती. एवढं सांगून त्यांनी किल्ली वडलांच्या हातात दिली.

स्टँडकडं परत जाताना वडील किल्ली तळहातावर उलटीसुलटी करून बघत होते. मग म्हणाले, "ह्यो माणूस भला हाय का येडा हाय, मला काय कळंना."

मलाही कळलं नव्हतं. पुढं कैक वर्षं त्याच घरात राहिले, तरी ते नीटसं कळलं असं म्हणता येणार नाही.

अण्णांची गुळाची अडत होती. कोडोलीकडचे, पन्हाळ्याकडचे शेतकरी गुळाच्या ढेपा आणायचे आणि अण्णा त्यांचा माल व्यापाऱ्यांना विकून द्यायचे. गुळाचा खडा तोंडात टाकून, डोळे मिटून ते त्याची प्रत सांगत. घरात ते आणि त्यांची बायको, अशी दोघंच. बायकोला सगळे अव्वा म्हणत. अव्वांचं माहेर निपाणीकडचं. नवराबायको आपसात कानडी बोलायची, आमच्याशी मराठी, आणि भांडण निघालं की दोन्ही.

अण्णा स्वतःच्या घराचं दार उघडं असलं तरी कडी वाजवायचे आणि आतून अव्वांनी "या" म्हणेपर्यंत बाहेर उभे राहायचे. एकदा अव्वा मागं धुणं धूत होत्या, तर हा माणूस भर उन्हात आपल्याच उंबऱ्यावर ताटकळत उभा. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, आत कोण काय बोलत असेल, आपण एकदम जाऊ नये. आत अव्वांशिवाय कुणीही नसायचं.

वर्तमानपत्र ते आदल्या दिवशीचं वाचत. ताजं आलं की घडी न मोडता ट्रंकेवर ठेवून द्यायचे. ताजा गूळ आणि ताजी बातमी दोन्ही पोटाला बाधतात, असं त्यांचं म्हणणं. निवडणुकीचा निकाल सगळ्या गल्लीत गुलाल उधळून झाल्यावर दुसऱ्या दिवशी ते मला येऊन सांगायचे, आणि मीही पहिल्यांदाच ऐकतेय असं तोंड करायची.

पण सगळ्यात जास्त गोंधळ व्हायचा तो त्यांच्या सल्ल्यांचा. सकाळी एक सांगत आणि संध्याकाळी बरोबर त्याच्या उलट, आणि दोन्ही वेळा सारख्याच खात्रीनं. मी सायकल शिकावी म्हणून त्यांनी एका सकाळी कुणाची तरी लेडीज सायकल आणून दारात उभी केली. संध्याकाळी मी ती बाहेर काढली, तर म्हणाले, रहदारीत मरायचंय काय. मी म्हटलं, सकाळी तुम्हीच आणलीत. त्यावर ते शांतपणे म्हणाले की सकाळी होतं ते सकाळचं खरं होतं.

त्यांच्या जेवणातली एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही. ते फक्त डावीकडनं चावायचे. भाकरी असो, ऊस असो, गुळाचा खडा असो, सगळं डाव्या दाढेखाली. उजवा गाल कायम स्वस्थ. मी ते पाहिलं होतं, पण त्यात विचारण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नाही.

माझी दाढ दुखायला लागली ती त्या घरात राहायला आल्यावर साधारण वर्षाभरानं. खालची, अगदी मागची. आधी नुसती ठणकायची, मग एका सकाळी तोंडच उघडेना. भाकरीचा तुकडा दातांच्या फटीतनं आत सरकवायला लागला. अव्वांनी अण्णांना हाक मारली. अण्णा बॅटरी घेऊन आले, पण जवळ आले नाहीत. हातभर लांबूनच त्यांनी उजेड पाडला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "अक्कलदाढ हाय. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं."

त्यांनी टोपी घातली आणि आम्ही निघालो. पलीकडच्या गल्लीत एका दुकानाच्या माडीवर नवी दंतवैद्य बाई आली होती. जिन्याशी पोचलो आणि अण्णा थांबले. म्हणाले, कशाला उगंच, मिठाच्या पाण्यानं बसेल. आम्ही परत फिरलो. घरी येऊन मी गुळण्या करते न करते तोवर ते पुन्हा टोपी घालून दारात. आम्ही पुन्हा जिन्याशी. या वेळी मीच पुढं झाले आणि वर चढले, तेव्हा ते नाइलाजानं मागून आले.

डॉक्टरीणबाई तरुण होती, शांत होती. तिनं छोटा एक्स-रे काढला आणि खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. बाकीच्या दाढा उभ्या होत्या आणि शेवटची आडवी, पुढच्या दाढेला टेकून निजलेली. ती अर्धीच वर आलीय, तिच्यावर आलेल्या हिरडीच्या पदराखाली अन्न अडकतं, तिथं घाण होऊन सूज येते, असं तिनं समजावलं.

अण्णांनी विचारलं, जागा नव्हती तर आली कशाला? बाई म्हणाली की फार पूर्वी माणसाचा जबडा मोठा होता, खाणं कच्चं आणि कठीण असायचं, तेव्हा या दाढांचं काम होतं. आता जबडा लहान झाला, पण दाढा यायच्या थांबल्या नाहीत. काहींना त्या येतच नाहीत, काहींना सरळ येतात आणि जन्मभर त्रास देत नाहीत. अण्णांनी लगेच पकडलं, म्हणजे काढलीच पाहिजे असं नाही. ती म्हणाली, सगळ्यांची नाही, हिची मात्र काढायला हवी. आधी गोळ्या देते, सूज उतरू दे, मग काढू.

"सूज असताना काढत न्हाई न्हवं तुमी?" अण्णांनी विचारलं.

नाही, असं ती म्हणाली. अण्णांनी तेच परत विचारलं. तिनं परत सांगितलं. मग त्यांनी तिसऱ्यांदा, शब्द थोडे बदलून, तेच विचारलं. बाई माझ्याकडं बघायला लागली. मी अण्णांकडं बघितलं, तर त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, औषधाच्या वासानं असेल.

गोळ्यांनी सूज उतरली, दुखायचं थांबलं आणि माझ्या डोक्यात खरा गोंधळ सुरू झाला. आता दुखतच नाही, तर काढायची कशाला? अण्णा मला त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. त्यानं सांगितलं, राहू दे, त्रास देईल तेव्हा बघू. कबनूरहून आईचा निरोप आला की दाढेची शीर डोळ्याला जाते, दाढ काढली की नजर जाते, मुळीच काढू नकोस. ऑफिसातली माझ्याशेजारी बसणारी म्हणाली, काढून टाक, गाल बसतात, चेहरा छान दिसतो. आणि अण्णा सकाळी म्हणायचे काढ, संध्याकाळी म्हणायचे ठेव. मी सारखी जीभ मागं नेऊन त्या अर्ध्या दाढेला लावून बघायची, जणू तीच काहीतरी सांगणार होती. पंधरवड्यात तिथं परत ठणका लागला, तेव्हा मी एकटीच डॉक्टरीणबाईकडं गेले आणि विचारलं, ही तुमची दाढ असती तर तुम्ही काय केलं असतं? तिनं उत्तर न देता स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. मागं दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. डोळ्याचं विचारलं, तर म्हणाली, चष्मासुद्धा नाही मला.

पुन्हा गोळ्या झाल्या, सूज गेली आणि दिवस ठरला. त्या दिवशी अण्णा हट्टानं बरोबर आले. पाण्याची बाटली, स्वच्छ पंचा, सगळं घेऊन. बाहेरच्या बाकावर बसले आणि मला म्हणाले, भिऊ नकोस, मी हितंच हाय. आत मला इंजेक्शन दिलं, अर्धी जीभ आणि ओठ लाकडासारखे झाले. दुखलं नाही, पण जबड्यावर पडणारा जोर आणि तो कडकड आवाज कानाच्या आतून यायचा, त्यानं घाम फुटला. बराच वेळ गेला. मी कापूस चावत बाहेर आले, तर बाकावर बाटली, पंचा आणि अण्णांची टोपी. अण्णा नाहीत.

खाली रस्त्यावर बघितलं, पानपट्टीवर बघितलं. शेवटी रिक्षा केली. घरी अव्वांनी आंबील करून गार करत ठेवली होती. अण्णा कुठं, असं त्यांनी विचारलं आणि मी हातानंच सांगितलं की माहीत नाही. ते दिवेलागणीला आले, बोडक्या डोक्यानं. पायांवर धूळ होती, खूप चाललेले दिसत होते. स्वतःच्या दाराची कडी वाजवायची ती वाजवली आणि बाहेरूनच विचारलं, "जित्ती हाय न्हवं पोरगी?" अव्वा हो म्हणाल्यावर आत गेले आणि निजले. मला फार राग आला होता. इथंच आहे म्हणून सांगितलेला माणूस निघून जातो कसा, हे मला समजेना. पुढं कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलायचं टाळत होते, त्यानं राग आणखी वाढला.

शेवटी अव्वांनीच मला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं. अण्णांना एक थोरला भाऊ होता. लग्न ठरलेलं होतं. सीमेजवळच्या त्यांच्या गावात तेव्हा दवाखाना नव्हता. भावाची मागची दाढ सुजली, सूज गालावरनं गळ्याकडं उतरली. गावात दाढा उपटून देणारा एक माणूस होता, त्याला घरी बोलावलं. त्यानं सुजलेल्या तोंडातच दाढ काढली. त्यानंतर गळा आणखी सुजला, श्वास कोंडला आणि शहराकडं न्यायला गाडी मिळेपर्यंत भाऊ गेला. अण्णा तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे असतील.

"त्या माणसाला बोलवाय कोण गेलतं, ते काय मला आजपातूर कळलं न्हाय," अव्वा म्हणाल्या. "सासूबाई म्हणायच्या, ह्योच गेलता. सासरे म्हणायचे, न्हाय, मी गेलतो. ह्यांला विचारलं की उठून भाईर जातेत."

आणि मग त्यांनी सांगितलं की अण्णांनाही उजवीकडं तशीच दाढ आहे. अव्वांशी लग्न झालं तेव्हाही त्यांचा गाल सुजलेला होता. तेव्हापासून सूज येते, जाते. पण आजवर त्यांनी कुठल्या डॉक्टरपुढं तोंड उघडलेलं नाही.

मला वाटलं, चला, आता हा माणूस आपल्याला कळला. सकाळचा सल्ला आणि संध्याकाळचा सल्ला, जिन्यापर्यंत नेणं आणि परत आणणं, सगळं जागेवर बसलं. पण थोड्या दिवसांनी लक्षात आलं की तेवढ्यानं काही होत नाही. सायकलचा आणि त्या भावाचा काय संबंध? शिळ्या वर्तमानपत्राचा काय? आणि ज्या माणसाच्या आईबापांनी त्याच्याबद्दलच दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, त्याला स्वतःला त्यातली कुठली खरी वाटत असेल? एक कारण हाताला लागलं आणि अण्णा मला आधीपेक्षा जास्त परके वाटायला लागले. राग मात्र गेला.

मधे काही वर्षं गेली. शाहूपुरीत एसटीडीच्या बूथवर माणसं कमी दिसायला लागली आणि खिशात मोबाइल आले. अण्णांनी अडत चुलत पुतण्याकडं सोपवली. मी ऑफिसात हेडक्लार्क झाले, पण खोली सोडली नाही.

अशातच एका उन्हाळ्यात अण्णा कानांवरनं मफलर गुंडाळून बसायला लागले. गारठा लागलाय, म्हणाले. चैत्र संपत आलेला. अव्वांनी ओढून मफलर काढला, तर उजवा गाल फुगून डोळा बारीक झालेला. ते नुसतं ताक घेत होते. अव्वांनी सांगितलं, मी सांगितलं, पुतण्या येऊन सांगून गेला. अण्णांचं एकच उत्तर, माझी दाढ माझ्या तोंडात आहे, तुमचं काय जातंय.

मग एका दुपारी अव्वा माझ्या ऑफिसात आल्या. इतक्या वर्षांत त्या कधी तिथं आल्या नव्हत्या. चप्पल घालायचीही त्यांना आठवण राहिली नव्हती. म्हणाल्या, थुंकी गिळता येत नाही त्यांना, सूज गळ्याला आलीय.

मी घरी गेले. अण्णा कॉटवर भिंतीला टेकून बसले होते, पंचा हनुवटीखाली धरलेला, लाळ गळत होती. बोलताना तोंड बोटभरही उघडत नव्हतं. मी त्यांच्यासमोर खाली बसले. काय बोलायचं ते ठरवून आले नव्हते.

"अण्णा, सूज असताना दाढ काढत नाहीत," मी म्हणाले. "आज नुसतं औषध. इंजेक्शन देतील, सलाइन लावतील. दाढेला हात लावणार नाहीत."

"कोण म्हटलं?"

"तुम्हीच तीनदा विचारून घेतलं होतं की."

त्यांनी हनुवटीखालच्या पंच्याची घडी बदलली. मग विचारलं, ती बाई अजून आहे का? आहे, मी म्हणाले.

"तू आत येणार?"

"येते."

"मधनं जाऊ नगंस," अण्णा म्हणाले.

डॉक्टरीणबाईनं गळा चाचपला आणि एका मिनिटात चिठ्ठी लिहून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं त्यांना ठेवून घेतलं. गळ्याशी छोटा छेद देऊन पू काढला, सलाइनमधनं औषधं दिली. तिथल्या डॉक्टरांनी अव्वांना सांगितलं की आणखी उशीर झाला असता तर श्वास कोंडला असता. अव्वा तिथंच फरशीवर बसल्या आणि कानडीत काहीतरी पुटपुटत राहिल्या. मी त्यांचा हात धरून बसले. रोज थोडी थोडी सूज उतरत गेली आणि अण्णा घरी आले. जखम भरल्यावर दाढ काढायचा दिवस ठरला. या वेळी सकाळ-संध्याकाळ काही झालं नाही. ते स्वतः टोपी घालून तयार होते.

खुर्चीत बसल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. बाईनं मला बाहेर थांबायला सांगितलं, पण अण्णांचा हात बघितला आणि हातमोजे चढवायला लागली. दाढ हाडात रुतलेली, मुळं आकड्यासारखी वळलेली, तुकडे करूनच काढावी लागली. अण्णांनी डोळे मिटले नाहीत. छताकडं बघत होते. सगळं झाल्यावर त्यांनी खुणेनं दाढ दाखवायला सांगितलं. ट्रेमधले ते पिवळट, किडके तुकडे त्यांनी वाकून बघितले आणि मग हेच का ते, असं विचारल्यासारखं माझ्याकडं बघितलं. 

तासभर बोलायचं नाही, थुंकायचं नाही, कापूस दाबून धरायचा, असं बाईनं बजावलं. आम्ही जिना उतरलो. मी रिक्षाला हात करणार, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं आणि चालायला लागले. आणि बोलायला लागले.

जीभ बधिर, ओठ बधिर, तोंडात कापसाचा बोळा. त्यात अर्धं कानडी, अर्धं मराठी. मला एक वाक्य धड कळत नव्हतं. आधी वाटलं, दुखतंय म्हणून सांगतायत. मी म्हणाले, अण्णा, बोलू नका, रक्त येईल. ते थांबले नाहीत. दुकानांवरनं, हातगाड्यांमधनं, ते एका लयीत बोलत चालले होते. मधे हातानं दाखवलं, लांब कुठंतरी जाणारा रस्ता असावा तसं. मधे मूठ आवळून दारावर थाप मारल्यासारखं केलं. पुन्हा पुन्हा एकच शब्द ऐकू यायचा, अण्णा. मला वाटलं, ते स्वतःबद्दल बोलतायत, आपण सगळे त्यांना तसंच म्हणतो ना. कितीतरी पुढं गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की कानडीत थोरल्या भावालाच अण्णा म्हणतात, आणि ती थाप त्या दाढा उपटणाऱ्याच्या दारावरची असावी.

त्यानंतर मात्र मी त्यांना थांबवलं नाही. कान देऊन ऐकत राहिले. अव्वांना, पुतण्याला, कुणालाच जे कधी सांगितलं नव्हतं ते हा माणूस भर रस्त्यात मला सांगत होता आणि मला ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी हळूच विषय काढून बघितला. तर म्हणाले, डॉक्टरीण बोलू नको म्हणाली होती, मी कशाला बोलेन. पुढं ते बरीच वर्षं होते, पण ती गोष्ट पुन्हा निघाली नाही.

घराच्या अलीकडच्या चौकात ते थांबले. माझ्याकडं वळले आणि काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, पण तो प्रश्न होता, हे आवाजाच्या चढावरनं कळलं. हनुवटीवरनं लाळ आणि थोडं रक्त ओघळत होतं, ते त्यांना जाणवतही नव्हतं. ते उत्तरासाठी थांबले होते. परत विचारा, असं म्हणायचं माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. पण त्यांचं तोंड बघून ते म्हणवेना. हो म्हणावं की नाही म्हणावं? दोन्हींतलं एक चुकलं, तर त्या चुकीचं काय होईल, याचा मला अंदाज नव्हता.

"न्हाय, अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी पंच्यानं हनुवटी पुसली आणि रस्ता ओलांडायला माझा हात धरला.